शेजारच्या दारची विद्या

१८५७ साल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मीरत, कानपूर आणि झाशी उभी राहतात. आणि ते योग्यच आहे. परंतु त्या धामधुमीच्या सालातच मुंबई शहरात दोन पाळणे हलले, याची आठवण फारशी कुणी काढीत नाही. मार्च महिन्यात सर जमशेटजी जीजीभाई यांच्या नावाने निघालेल्या कलाशाळेचा पहिला वर्ग भरला आणि जुलै महिन्यात मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. एकाच गावात, एकाच वर्षी जन्मलेली ही दोन भावंडे. पण एकत्र कुटुंबात वाढण्याचे भाग्य त्यांच्या नशिबी नव्हते. एकाकडे ग्रंथ गेले, दुसऱ्याकडे रंग गेले, आणि मधे जी भिंत उभी राहिली ती पाडायला आपल्याला शंभराहून अधिक वर्षे लागली. ती अजून पुरती पडली आहे असेही नाही.

त्यातली गंमत अशी की, जमशेटजींनी १८५३ साली एक लाख रुपये देऊ केले, शाळा मंजूर झाली, पण शाळेला घर नव्हते. तेव्हा चित्रकलेचा तो पहिला वर्ग भरला एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये. म्हणजे आपल्या इकडचे नव्या पद्धतीचे कलाशिक्षण जन्मले तेच मुळी दुसऱ्याच्या घरात, ग्रंथविद्येच्या ओसरीवर! बाळंतपण शेजारणीच्या घरी झाले आणि नंतर मात्र दोन्ही घरांनी एकमेकींकडे जाणे-येणे सोडले, असाच हा प्रकार. विद्यापीठ त्या वेळी परीक्षा घेई आणि शिकवण्याचे काम कॉलेजे करीत. साहित्य, कायदा, वैद्यक यांना पदव्या मिळू लागल्या. चित्रकाराला आणि मूर्तिकाराला मात्र डिप्लोमा. बी.ए. झालेला मुलगा सुशिक्षित आणि जी.डी. आर्ट झालेला मुलगा ‘चित्रे काढतो’, हा भेद आपल्या घराघरांत शिरला तो तेथून.

वास्तविक आपली भाषा असा भेद मानीत नाही. ‘चौदा विद्या आणि चौसष्ट कला’ हे आपण एका दमात म्हणतो. विष्णुधर्मोत्तर पुराणात एक सुरेख संवाद आहे. वज्र नावाचा राजा मार्कंडेय ऋषींकडे जातो आणि मूर्ती घडवण्याची विद्या मागतो. ऋषी म्हणतात, चित्रकला येत नसेल तर मूर्तिकला समजायची नाही. राजा म्हणतो, मग चित्रकला शिकवा. ऋषी म्हणतात, त्याआधी नृत्य जाणले पाहिजे. आणि नृत्यासाठी वाद्य, वाद्यासाठी गीत. बिचारा राजा एक विषय घेऊन आला होता, त्याला चार शिक्षकांच्या दारांत जाण्याची पाळी आली. आजच्या कॉलेजच्या कार्यालयात तो गेला असता तर ‘हे आमच्याकडे बसत नाही’ असे सांगून त्याला खिडकीवरूनच परत पाठवला असता.

या विषयावर मी लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. मी मॅट्रिक झालो, म्हणजे आताची दहावी, आणि पुढे मास्तरकीत पडलो. कादंबऱ्या लिहिल्या त्या शाळा सुटल्यावर, कंदिलाच्या नव्हे पण चाळीस वॅटच्या दिव्याखाली. कॉलेज मी पाहिले ते रस्त्यावरून. तेव्हा कॉलेजबाहेरच्या शिक्षणावर बोलण्याचा अधिकार मला पदवीधरांपेक्षा थोडा जास्तच आहे, असे मी आपले समजतो.

आता ही भिंत असताना माणसांनी काय केले ते पाहा. माणसाची जात मोठी चिवट. दार बंद दिसले की ती खिडकी शोधते. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर, ज्यांचे हाती समई घेतलेल्या स्त्रीचे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आजही लोक थांबून पाहतात, त्यांनी १९०८ साली मुंबईत स्वतःची चित्रसंस्था काढली. पुढे दंडवतीमठांचे नूतन कलामंदिर निघाले, केतकरांचे वर्ग निघाले. जे. जे. स्कूलच्या पायऱ्या चढणे ज्यांना जमत नव्हते, ज्यांची दिवसा नोकरी होती किंवा दुसरा अभ्यास होता, अशांना या खाजगी वर्गांनी जवळ केले. दिवसा खर्डेघाशी आणि दिवेलागणीला ड्रॉइंग बोर्ड, असे दुहेरी जीवन जगलेली कितीतरी माणसे या शहराने पाहिली. भूपेन खक्कर हे पुढे जगप्रसिद्ध झालेले चित्रकार हिशेबतपासनीसाची विद्या शिकले होते आणि संध्याकाळी जे. जे.च्या वर्गाला जात. आपले द. ग. गोडसे साहित्याचे पदवीधर. चित्रकला शिकायला ते लंडनच्या स्लेड स्कूलपर्यंत गेले आणि परत येऊन मराठी रंगभूमीला त्यांनी नेपथ्याची दृष्टी दिली. ‘पोत’ हे त्यांचे पुस्तक वाचताना साहित्याचा विद्यार्थी कुठे संपतो आणि चित्रकार कुठे सुरू होतो हे मला सांगता येत नाही. आणि सुधीर पटवर्धन तर डॉक्टर! पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ साली ते बाहेर पडले. पुढे १९७५ पासून तीस वर्षे ठाण्यात त्यांनी क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केले, आणि त्याच ठाण्याचे रस्ते, पूल, गिरणीतली नि रेल्वेतली माणसे त्यांनी कॅनव्हासवर आणली. दिवसभर माणसाची हाडे पाहावीत आणि संध्याकाळी त्याचा चेहरा काढावा, यात मला तरी विसंगती दिसत नाही.

ही झाली मुंबई-ठाण्याची कथा. पण आमच्या कुलाबा जिल्ह्यात (१९८१ पासून त्याला रायगड म्हणतात, तरी जुन्या माणसांच्या तोंडून अजून कुलाबाच निघते) हा खाजगी वर्ग आणखी वेगळ्या रूपाने नांदत होता. त्याला पाटी नव्हती, फी नव्हती, वेळापत्रक नव्हते. त्याला आम्ही ‘गणपतीचा कारखाना’ म्हणत आलो.

अलिबाग तालुक्यातल्या सासवणे गावी १८९१ साली विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म झाला. वडील घरी गणपतीच्या मूर्ती करीत. मुलाची पहिली शाळा तीच. अक्षरे गिरवण्याची शाळा वेगळी आणि माती मळण्याची वेगळी, आणि खरे शिक्षण कोणत्या शाळेत झाले हे आज आपल्याला ठाऊक आहे. या मुलाने गावातल्या देवळाच्या भिंतीवर शिवाजीमहाराजांचे चित्र काढले होते. ऑटो रॉथफिल्ड नावाच्या इंग्रज कलेक्टराने ते पाहिले, चित्र काढणाऱ्याची चौकशी केली आणि मुलाला मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये पोहोचवण्याची तजवीज केली. पुढे करमरकर कलकत्त्याला गेले, १९२० साली लंडनच्या रॉयल अकादमीत शिकायला गेले, आणि १९२८ साली पुण्यात शिवाजीमहाराजांचा तो अश्वारूढ पुतळा उभा राहिला, ज्याच्या घोड्याची शीर न् शीर जिवंत वाटते. देवळाच्या भिंतीवरून निघालेले महाराज घोड्यावर बसून पुण्याला पोहोचायला मधे दोन घरे लागली: वडिलांचे आणि कलाशाळेचे. यांतले एक वजा केले असते तर पुतळा झाला नसता. सासवण्याच्या त्यांच्या घरात आज त्यांची शिल्पे मांडून ठेवली आहेत. सुट्टीत मुलांना घेऊन जरूर जावे. समुद्र तर काय, सगळीकडे सारखाच असतो.

पेणची गोष्ट तुम्हांला निराळी सांगायला नको. सार्वजनिक गणेशोत्सवाची लाट १८९३-९४ पासून उसळली आणि मूर्तींची मागणी वाढत गेली. पेणमध्ये देवधर मंडळींसारख्या घराण्यांनी या कलेला धंद्याची शिस्त लावली आणि पाहता पाहता हमरापूर, जोहे, कळवे या आसपासच्या गावांतही कारखाने झाले. गणपती विसर्जित झाले की चार दिवस श्वास घेऊन पुढच्या वर्षाचे काम सुरू. साचा भरायचा, सोंड-हात जोडायचे, ओल्या ब्रशाने अंग गुळगुळीत करायचे, वाळवायचे, पांढरा हात द्यायचा, मग रंग, आणि सर्वांत शेवटी आखणी. आखणी म्हणजे डोळे काढणे. हे काम कुणाच्याही हाती देत नाहीत. मूर्ती कुठेही घडवा, डोळे पेणच्या हाताचे हवेत, असे जाणकार म्हणतात ते उगीच नव्हे.

याच आखणीपायी गेल्या काही वर्षांत माझ्याकडे एक तंटा आला, आणि त्यातूनच मी ही जुनी पाने चाळू लागलो.

माझी एक जुनी विद्यार्थिनी रोह्याची. वडील धाटावच्या कारखान्यात पाळीने काम करतात. मुलीने मानसशास्त्र घेतले आणि पनवेलच्या बाजूच्या एका कॉलेजात ती जाऊ लागली. सकाळच्या गाडीने जायचे, दुपारच्या गाडीने परत. काही महिन्यांनी घरच्यांच्या ध्यानात आले की ही दुपारच्या गाडीने रोह्याला येतच नाही. मधेच पेणला उतरते, एका कारखान्यात दोन तास बसते आणि संध्याकाळी घर गाठते. ओढणीला रंगाचे डाग दिसले तेव्हा आईच्या छातीत धस्स झाले आणि खरा प्रकार कळला तेव्हा वडील माझ्याकडे आले.

‘सर, तुम्ही तिला समजवा,’ ते म्हणाले. ‘एक तर ते मानसशास्त्र म्हणजे काय ते मला नीट कळत नाही. पण कॉलेजचं आहे, पदवी मिळेल, म्हणून गप्प बसलो. आता हे रंगकाम! एक ना धड, भाराभर चिंध्या. मुलीचं वय असं उतरण्या-चढण्यात घालवायचं का?’

या गृहस्थांना हसणे सोपे आहे, पण मी हसलो नाही. पाळीवर राबणाऱ्या माणसाला वेळेची किंमत आपल्यापेक्षा अधिक कळते. कारखान्यात शिकलेल्या कामाचा दाखला मिळत नाही, आणि दाखल्याशिवाय आपल्या देशात चहाची टपरीसुद्धा निघत नाही, हेही त्यांना ठाऊक होते. त्यांची भीती खरी होती. फक्त ती जिथे रोखली होती ती जागा मला बरोबर वाटेना.

मी मुलीला बोलावून विचारले, ‘तिथे काय शिकतेस?’

ती म्हणाली, ‘सर, पहिले दोन महिने फक्त माती मळली आणि वाळलेल्या मूर्ती उचलून ठेवल्या. ब्रश आत्ता कुठे हातात दिलाय. पण काकांना मी एकच विचारते, की देव आपल्याकडे बघतोय असं आपल्याला का वाटतं? आमच्या पुस्तकात अवधान आहे, संवेदन आहे. पण हे काका ते रोज करून दाखवतात.’

पुढे एकदा मी मुद्दाम तिच्याबरोबर त्या कारखान्यात गेलो आणि काकांनाच विचारले. ते ब्रश खाली न ठेवता म्हणाले, ‘मास्तर, मखरात देव वर असतो, माणूस खाली पाटावर बसतो. बुबुळ केसभर खाली घेतलं नाही, तर देव आढ्याकडे बघतो. आणि जास्त खाली घेतलं, तर देवाला झोप आली!’

वाचकहो, या एका वाक्यावर एका शास्त्रज्ञाने विद्वत्परिषदेपुढे निबंध वाचला आहे. विल्यम वुलस्टन हा इंग्रज रसायनशास्त्रज्ञ, पॅलेडियम या धातूचा शोध लावणारा. १८२४ साली त्याने चित्रातल्या डोळ्यांची दिशा या विषयावर एक लेख प्रसिद्ध केला. त्याने काय केले, तर चित्रातली डोळ्यांची जोडी तशीच ठेवली आणि तिच्याखाली नाक-चेहरा मात्र वेगळ्या दिशेला वळलेला लावला. चमत्कार असा की, डोळ्यांत रेघभरही फरक न करता त्यांची नजर दुसरीकडे वळलेली दिसू लागली. म्हणजे नजर नुसती डोळ्यांत नसते; पाहणारा सगळा चेहरा वाचून ती ठरवतो. आमच्या काकांनी वुलस्टनचे नावही ऐकलेले नव्हते. पण मानेचा कल बदलला की बुबुळ बदलावे लागते, हे त्यांच्या मनगटाला पाठ होते.

आणि आपल्या विष्णुधर्मोत्तरातल्या चित्रसूत्राने तर त्याच्याही किती शतके आधी डोळ्यांचे प्रकार सांगून ठेवले आहेत. योग्याचा डोळा धनुष्याच्या आकाराचा, प्रेमिकांचा माशाच्या पोटासारखा, शांत निर्विकार माणसाचा निळ्या कमळाच्या पाकळीसारखा. मनाची अवस्था पालटली की पापणीची रेघ पालटते. याला चित्रकला म्हणावे की मानसशास्त्र?

तेव्हा मानसशास्त्राचा हा मुलूख तरी कसा वसला ते पाहणे आले. शास्त्र म्हणून त्याचे वय फार नाही. जर्मनीत लाइपझिग येथे व्हिल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून ते धरतात. आपल्या देशात कलकत्ता विद्यापीठाने १९१६ साली पहिला विभाग उघडला. तोवर आणि त्यानंतरही बरीच वर्षे आपल्या कॉलेजांतून मानसशास्त्र हे तत्त्वज्ञानाच्या घरचे पोरके पोर म्हणून वाढले. पुण्याला १९५० साली प्रा. वि. कृ. कोठुरकर यांच्यासारख्यांनी प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग उभा केला आणि मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्राचा विभाग १९५९ सालचा. म्हणजे हे शास्त्र स्वतःच कालपरवापर्यंत दुसऱ्याच्या घरी जेवत होते.

आणि त्याच्या थोर पुरुषांची कुळकथा पाहिली तर त्यांतले कितीतरी रंगाच्या दारावरून आलेले. अमेरिकेच्या मानसशास्त्राचे जनक म्हणतात ते विल्यम जेम्स अठरा वर्षांचे असताना चित्रकार व्हायला निघाले होते. न्यूपोर्ट गावी विल्यम हंट या चित्रकाराच्या चित्रशाळेत १८६०-६१च्या सुमारास ते शिकले, मग ते सोडून शास्त्राकडे वळले. १८९० साली त्यांचा मानसशास्त्रावरचा प्रचंड ग्रंथ निघाला. त्यात मनाच्या हालचालींची जी हुबेहूब वर्णने आहेत, त्यांत मला तरी ब्रश धरलेल्या माणसाची नजर दिसते.

दुसरे हेर्मान रोर्शाक. ही गोष्ट मुलांना वाचून दाखवण्याजोगी आहे. स्वित्झर्लंडमधल्या एका चित्रकलाशिक्षकाचा हा मुलगा. कागदावर शाईचा थेंब टाकायचा, कागद दुमडायचा, उघडायचा आणि त्यात फुलपाखरू दिसते की राक्षस ते सांगायचे, हा खेळ तिकडची मुले खेळत. आपल्या शाळांतूनही शाईची दौत होती तोवर हा उद्योग चाले आणि मास्तरांच्या छड्या खायला मिळत! रोर्शाकला या खेळाचा इतका नाद की शाळेत त्याचे नावच ‘डाग’ पडले होते. चित्रकार व्हावे की वैद्यकाकडे जावे अशा पेचात तो सापडला होता. अखेर तो डॉक्टर झाला, मनोरुग्णांवर उपचार करू लागला, पण डाग काही सुटला नाही. १९२१ साली त्याने शाईच्या डागांची दहा चित्रे प्रसिद्ध केली आणि त्यांत कुणाला काय दिसते यावरून मन ओळखण्याची चाचणी जगाला दिली. वर्षभरात तो वारला. वय अवघे सदतीस. चित्रकलेच्या वर्गातून उठून तो दवाखान्यात गेला, पण जाताना वही बरोबर नेली. ती टाकून गेला असता तर ही चाचणी जन्मली नसती.

आणखी एक उदाहरण देतो, कारण त्याचा आमच्या शाळेशी संबंध आहे. आपली मुले कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसतात. त्यात स्मरणचित्राचा एक विषय असतो. बाजार, बसथांबा, पाणवठा असे काहीतरी डोळ्यांपुढे नसताना आठवून काढायचे. वर्षानुवर्षे मी वर्गात पाहतो की मुलगा बाजार काढतो तो रोह्याचा किंवा पेणचा नसतो. तो ‘बाजार’ असतो. टोपलीत तीन वांगी, मागे सूर्य आणि दोन डोंगर. असे का होते? केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याचे उत्तर आहे. त्यांनी एका माणसाला प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीतले घुबड दाखवले, ते त्याने आठवून काढले. त्याचे चित्र दुसऱ्याने पाहून आठवून काढले, दुसऱ्याचे तिसऱ्याने. असे हातोहात फिरता फिरता त्या घुबडाचे मांजर झाले! माणूस जे पाहिले ते आठवत नाही, जे ओळखीचे वाटते ते आठवतो. हे कळल्यापासून स्मरणचित्राच्या तासाला मी मुलांना आधी बाजारात नेतो आणि भाजीवाल्या मावशींच्या मांडीशी काय काय असते ते मोजायला लावतो. मानसशास्त्राने माझ्या चित्रकलेच्या तासाचे केलेले हे उपकार आहेत.

उलट दिशेनेही हेच. मुलाने काढलेल्या माणसाच्या चित्रावरून त्याच्या बुद्धीची वाढ मोजण्याची रीत फ्लॉरेन्स गुडइनफ या बाईंनी १९२६ साली घातली. बडोद्याच्या प्रमिला फाटक यांनी ती भारतीय मुलांसाठी बेतून दिली. हे बडोद्यास घडावे यात मला औचित्य वाटते. सयाजीरावांच्या त्या नगरीत विद्यापीठ झाले १९४९ साली आणि लगेच १९५० मध्ये ललितकलांची शाखा विद्यापीठाच्या आतच निघाली. चित्रकला-शिल्पकलेची पदवी देणारी ती देशातली पहिली शाखा. मुंबईत ज्या भावंडांची ताटातूट झाली, ती बडोद्यात एका पंक्तीला बसली.

असो. रोह्याच्या त्या गृहस्थांना मी ही सगळी पुराणे सांगितली नाहीत. त्यांना मी त्यांच्याच गावचे एक नाव सांगितले. चिंतामणराव देशमुख. जन्म महाडजवळच्या नाते गावचा, पण बालपण रोह्याचे. १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची मानाची शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. केंब्रिजला गेले ते शिकायला वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र. झाले सनदी अधिकारी. १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. आणि त्या गव्हर्नराच्या खुर्चीवर असताना १९४४ साली त्यांचा ‘मेघदूता’चा मराठी पद्यानुवाद प्रसिद्ध झाला! वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला कालिदासाची फुले-झाडे अधिक बरी ओळखता आली असतील की नाही, ते तुम्हीच सांगा. नोटांवर सही करणारा हात मेघालाही निरोप सांगू शकतो. त्याने नोटांची किंमत कमी झाली नाही आणि मेघाचीही नाही.

गृहस्थ थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘देशमुखांचं ठीक आहे हो सर. ते मोठे. पण माझी पोरगी?’

हा प्रश्न मला निरुत्तर करणारा होता, आणि प्रामाणिक होता. थोरांची चरित्रे सांगून सामान्यांच्या अडचणी सुटत नाहीत. तेव्हा आम्ही दोघांनी बसून व्यवहाराचे बोललो. तास बुडवायचा नाही. आठवड्याला दोनच दिवस पेणला उतरायचे. परीक्षेच्या महिन्यात कारखाना बंद. आणि श्रावणात जेव्हा कारखान्यात रात्रंदिवस काम चालते तेव्हा फक्त रविवारी जायचे, तेही आईला सांगून. मुलीने सगळे मान्य केले. तिची दोन वर्षे तशी गेली. गुण फार चढले नाहीत, फार उतरलेही नाहीत. मात्र मनोरुग्ण मुलांशी चित्रांतून बोलणारे लोक असतात, तसे काम आपल्याला करायचे आहे, हे तिचे तिला उमगले. ते तिला पुस्तकाने शिकवले की कारखान्याने, हे ती सांगू शकत नाही, आणि मीही विचारले नाही.

सरकारी नियमांनीही आता पुष्कळ लवचीकपणा पत्करला आहे, हे सांगितले पाहिजे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एक प्रमुख विषय आणि त्याच्या जोडीला दुसऱ्या शाखेचा दुय्यम विषय घेण्याची मुभा दिली. २०२१ पासून एका मान्य संस्थेत मिळवलेली श्रेये दुसरीकडे जमा करण्याची बँकही निघाली. २०२२ साली एकाच वेळी दोन पदव्या घेण्याची परवानगी मिळाली. आणि जे. जे. स्कूल, जे एके काळी परक्याच्या ओसरीवर भरत होते, त्याला २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. १८५७ च्या भावंडांतले धाकटेपण अशा रीतीने फिटले.

परंतु या साऱ्या बँकांत एक खाते अजून उघडलेले नाही. पेणच्या कारखान्यात दोन वर्षे बसून बुबुळाची जागा शिकलेल्या मुलीच्या गुणपत्रिकेवर त्याची एक ओळही नाही. कारखाना ही मान्य संस्था नव्हे आणि काका प्राध्यापक नव्हेत. ज्या विद्येने हा तालुका ओळखला जातो, ती विद्या शिकल्याचा कागद त्या तालुक्यात मिळत नाही. मला वाटते, यासाठी मोठ्या इमारती नकोत. आमच्या भागातल्या कॉलेजांनी वर्षातून महिनाभर एखाद्या कारागिराला मानाने बोलवावे, त्याला मानधन द्यावे, आणि मानसशास्त्राच्या मुलांना त्याच्यापुढे बसवावे. काकांनाही त्यात मिळवण्याजोगे आहे. वुलस्टनच्या प्रयोगाची हकीगत त्या मुलीने त्यांना सांगितली तेव्हा त्यांनी प्रथमच ब्रश खाली ठेवला आणि म्हणाले, ‘पुन्हा सांग बघू.’ मग एका वाया गेलेल्या साच्यावर दोघांनी मिळून तो करून पाहिला.

दिवाळीच्या सुट्टीत घरोघरी पोरे-पोरी जमतात, आणि फराळाच्या ताटावर हमखास प्रश्न निघतो, ‘पुढे काय करणार?’ तुमच्या घरी असे एखादे मूल असेल की जे विषय एक सांगते आणि जाते दुसरीकडेच, तर त्याला लगेच फटकारू नका. दोन दगडांवर पाय ठेवणारा बुडतो हे खरे. पण नदी ओलांडणाराही दोन दगडांवरच पाय ठेवीत जातो. कुंडलिकेच्या काठच्या माणसाला हे सांगायला नको. तास बुडत नाहीत ना, एवढे पाहावे, गुरू कोण आहे ते एकदा स्वतः जाऊन पाहून यावे, आणि जमले तर गाडीच्या पासाचे पैसे भाऊबिजेच्या ओवाळणीत घालावेत.